पिवळ्या दिव्याची तार

मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. पण त्या गल्लीत गाडीचा हॉर्न बसला, हेडलाइट डोळे मिचकावायला लागला की लहानथोर सगळे एकच सांगणार, मामांकडे जा. खरं म्हणजे ते एकटीचेच मामा. थोरल्या बहिणीची, ताईची, एकुलती एक मुलगी सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन दिवसभर ‘मामा, मामा’ करत त्यांच्या मागेमागे फिरायची. ते गिऱ्हाइकांनी उचललं आणि चिकटलं ते चिकटलंच. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही असं कुणी खोदून विचारलं तर म्हणायचे, बोलणी करायला गेलो तर त्यांच्याकडची ट्यूब लुकलुकत होती, मी स्टुलावर चढून ती नीट करत बसलो आणि खाली उतरेपर्यंत मंडळी जेवून उठली होती.

भाचीला ते वकीलबाई म्हणत. चार वर्षांची असताना, मला झोप येत नसेल तर रात्र कशी झाली, यावर तिनं बापाशी तासभर हुज्जत घातली होती. तो बाप ती सहा वर्षांची असताना गेला. मग तिच्या शाळेचे दप्तर-डबे, तापाची औषधं, सायकल, दहावीचा अभ्यास, सगळं मामांनी अंगावर घेतलं, आणि कुणी न सांगता घेतलं. अठरा वर्षांची झाल्यावर गाडीही त्यांनीच शिकवली. मोठ्या मोकळ्या मैदानात नेऊन तिच्याकडून शंभर वेळा एकच गोष्ट घोटून घेतली. समोर अचानक काही आलं तर ब्रेक पूर्ण दाबायचा, पाय थरथरला तरी उचलायचा नाही, नुसतं स्टिअरिंग सांभाळायचं. बाकीचं गाडी बघते.

आणि गाडी बघते ते खरंच असतं. बॉनेटखाली एक लोखंडी पंप असतो, त्याला चिकटून वीतभर काळा प्लॅस्टिकचा डबा असतो. एबीएसचं युनिट म्हणतात ते. चाक जागच्या जागी जाम होतंय असं दिसलं की ते युनिट डोळ्याचं पातं लवायच्या आत ब्रेक सोडतं-धरतं, सोडतं-धरतं, आणि गाडी घसरू देत नाही. ते मेलं तर ब्रेक लागतोच, पण मग जोरात दाबला की चाकं जाम होतात आणि गाडी कुठं जाईल ते कुणाच्याच हातात राहत नाही. ते मेलंय हे कळावं म्हणून मीटरमध्ये एक पिवळा दिवा असतो. एवढं सगळं आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं ते या दिव्यापायी झालं.

वकीलबाई शिकून मोठी झाली. आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचं काम करायला लागली. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा अर्धांगवायू झालेला हात. दिवसाला सात-आठ घरं, त्यामुळे गाडीशिवाय तिचं पान हलत नसे. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका हसऱ्या माणसाशी तिनं लग्न केलं. हा जावई स्वतःचा विनोद सांगायच्या आधीच हसायला लागायचा, त्यामुळे निम्मे विनोद कुणाला कळलेच नाहीत. मामांना तो फार आवडायचा. रविवारी दोघं यायचे, मग मामा गाडीखाली आणि जावई बॅटरी धरून उभा, तीसुद्धा भलतीकडेच धरून.

गेल्या वर्षी तिच्या गाडीचा तो पिवळा दिवा लागला. मामांनी स्कॅनर लावून बघितलं तर युनिटच गेलेलं. नवं मागवायचं तर पंधरा-वीस दिवस लागणार होते. पण वकीलबाई त्या दिव्यानं हैराण झाली. एवढी धीट मुलगी, पण मीटरमध्ये दिवा दिसला की तिचा जीव टांगणीला लागायचा. रस्त्याकडे कमी आणि दिव्याकडे जास्त बघत गाडी चालवते, असं जावयानं मामांना सांगितलं.

तेव्हा त्यांनी ते केलं. त्यांच्या धंद्यात करतात तसं. मीटर काढलं, पिवळ्या दिव्याची तार तिच्या जागेवरून कापली आणि शेजारच्या ऑइलच्या दिव्याला जोडून टाकली. ऑइलचा लाल दिवा चावी फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. आता त्याच्याबरोबर पिवळाही लागणार, त्याच्याबरोबर विझणार. बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठणठणीत आहे. जुन्या गाड्या विकणारे सर्रास करतात हे, आणि मामा आयुष्यभर त्यांना शिव्या घालत आले होते. भाचीला त्यांनी सांगितलं, झालं काम. मनात होतं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, युनिट आलं की गुपचूप बसवून टाकू, पोरगी तेवढे दिवस शांतपणे गाडी चालवेल. हळू चालव, एवढं मात्र दहादा बजावलं. का, ते नाही सांगितलं.

युनिट अठरा दिवसांनी आलं आणि फळीवर एक्केचाळीस दिवस पडून राहिलं. आता याला काय म्हणावं? कधी तिला वेळ नव्हता, कधी मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन, कधी दुकानात दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं घाईचं काम. खोटं कशाला बोला, मामा विसरले. दिवा विझवला तो तिच्यासाठी, पण विझल्यावर त्यांच्याही डोळ्यासमोरून गेला. जे दिसत नाही त्याची आठवण कोण करून देणार?

बेचाळिसाव्या दिवशी, भर दुपारी, चढावरच्या रस्त्यावर पाण्याचा मोठा पाइप फुटला होता. वकीलबाई उतारानं येत होती, शेजारी जावई. एका फाटकातून मालट्रक उलटा बाहेर आला. तिनं ब्रेक दाबला, पूर्ण दाबला आणि धरून ठेवला. गाडी ओल्यात घसरली, आडवी झाली आणि जावई बसला होता त्या बाजूनं विजेच्या खांबावर गेली. तिला कपाळावर चार टाके पडले. तो दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

मामा त्याच दिवशी तिथं जाऊन उभे राहिले. पाणी जिथं संपत होतं तिथून खांबापर्यंत चाकांचे काळे पट्टे उमटले होते, सलग, रुळासारखे. चाकं जाम झाल्याशिवाय असे पट्टे पडत नाहीत. युनिट जिवंत असतं तर ते पडलेच नसते. मामा तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. लोकांना वाटलं, जावयाच्या दुःखानं बसले. तेही होतंच.

तपासायला आलेल्या साहेबांनी पेडल दाबून बघितलं, घट्ट लागलं. चावी फिरवली, दिवे लागले. इंजिन सुरू केलं, दिवे विझले. त्यांनी कागदावर लिहून दिलं की ब्रेक चांगल्या स्थितीत होते, चालवणाऱ्या व्यक्तीनं ओल्या रस्त्यावर घाबरून गरजेपेक्षा जास्त जोरात ब्रेक दाबला. खटला वगैरे काही झाला नाही, पाण्याचा पाइप फुटला होता, ट्रकवाल्याचीही चूक होती. पण ते एक वाक्य वकीलबाईनं उराशी धरलं ते धरलंच. मी घाबरले, माझ्या पायानं त्याला मारलं. ती हे रडून सांगत नसे, हिशेबाच्या शांतपणे सांगायची, आणि ते ऐकून ताईच्या काळजाचं पाणी व्हायचं. काम तिनं सोडून दिलं. माझ्या हाताखाली आता कुणाचा पाय द्यायला नको, म्हणाली.

आणि मामा? मामा मूग गिळून बसले. चार महिने. आज सांगू, उद्या सांगू. दर रविवारी ती चालत यायची, समोर बसून दोघं चहा प्यायची, ती कपाकडे बघत तेच बोलायची आणि हे मान खाली घालून ऐकायचे. त्यांना पोलिसांची भीती नव्हती, दुकानाचीही नव्हती. दुकान त्यांनी डोळ्यांचं निमित्त करून बंदच केलं होतं. भीती एकच. ही पोरगी उठून जाईल आणि परत येणार नाही.

मग गाडी डेंटिंगवाल्याकडून आली. एका बाजूचे दोन्ही दरवाजे नवे, रंग किंचित वेगळा. वकीलबाईनं ती थेट मामांच्या अंगणात आणून ठेवायला सांगितली आणि फोन केला. गाडी विकायची आहे, मी यापुढे कधी चालवणार नाही, पण घेणाऱ्याला दगा नको, तेव्हा वायरिंग तेवढं एकदा बघून ठेव. रविवारी अकराला येते.

घेणाऱ्याला दगा नको, हे ती त्यांना सांगत होती. मामांनी फोन ठेवला आणि बराच वेळ हात पायजम्याला पुसत उभे राहिले. मग ठरवलं, रविवारी सांगायचंच.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? आधी सांगितलं असतं, गाडी होती तशी दाखवली असती, मग दुरुस्त केली असती. पण मामांचं सगळं आयुष्य आधी दुरुस्ती आणि मग बोलणं असंच गेलेलं. शिवाय ती तार तिच्या नजरेला पडायची त्यांना लाज वाटली. रविवारी सकाळी सातलाच त्यांनी बॉनेट उघडलं.

बॅटरीची तार काढली आणि पंधरा मिनिटं थांबले. एअर फिल्टरचं खोकं बाजूला केलं. पंपाला जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांना हात लावायचा नव्हता, त्या उघडल्या तर हवा शिरते आणि सगळं काम वाढतं. नुसता काळा डबा पंपापासून सोडवायचा. आधी त्याचं मोठं सॉकेट, त्याची खिट्टी वर ओढून. मग सहा बारीक स्क्रू, ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे. पाच सुटले. सहावा गंजून बसला होता आणि खालच्या अंगाला, जिथं हात जातो पण नजर जात नाही. पूर्वी असल्या स्क्रूवर मामा गाणं म्हणत. आज बोटं थरथरत होती. खाच घसरली असती तर गाडंच अडलं असतं. त्यांनी गंज सोडवायचं तेल मारलं, पायरीवर बसून थंड झालेला चहा घेतला, परत वाकले, आणि श्वास रोखून हळूच फिरवल्यावर तो सुटला.

जुना डबा हातात आला. पंपाचा पृष्ठभाग त्यांनी कोऱ्या फडक्यानं पुसला, नवं युनिट बसवलं, स्क्रू समोरासमोरचे घेत थोडेथोडे आवळले, सॉकेट लावलं. खट्ट आवाज आला. बॅटरी जोडून स्कॅनरवरून त्या युनिटला या गाडीची ओळख करून दिली. सगळं मिळून दोन तास. चार महिन्यांपूर्वी हेच दोन तास त्यांना सापडले नव्हते.

मग मीटर काढलं. ती तार समोर आली. स्वतःच्या हातचं काम माणूस ओळखतो. सांधा सोल्डरचा डाग देऊन पक्का केलेला, वर काळी नळी चढवलेली, पट्टी सरळ गुंडाळलेली. कुणी म्हटलं नसतं की इथं काही केलंय. लबाडीसुद्धा किती नीटनेटकी! मामांनी तो सांधा कापला, पिवळ्या दिव्याची तार तिच्या मूळ जागी नेऊन जोडली, मीटर बसवलं. दहाला कचऱ्याची गाडी आली तेव्हा युनिटचं रिकामं खोकं, कापलेली तार, पट्टीचे तुकडे, सगळं एका पिशवीत भरून देऊन टाकलं. अंगण झाडलं. वाईट वाटत असताना माणूस काय काय झाडतो.

वकीलबाई अकराला आली. चाळीस मिनिटं चालून आलेली, चेहरा घामेजलेला, कपाळावरची खूण अजून लालसर. ती गाडीपासून चार हात लांब उभी राहिली. मामा म्हणाले, बस जरा आत, चावी फिरव. ती नाही म्हणाली. मग त्यांचं तोंड बघितलं आणि बसली. चावी फिरवली. लाल लागला, पिवळा लागला. तीन सेकंदांत पिवळा आपोआप विझला. इंजिन सुरू केल्यावर लाल विझला.

“झालं ना सगळं ठीक,” ती म्हणाली. “मग विकते.”

मामा दाराला धरून उभे होते. त्यांनी सांगून टाकलं. एका दमात, खाली बघत. युनिट मेलं होतं, मी नवं बसवलं नव्हतं, नुसता दिवा विझवला होता. नवं फळीवर पडून होतं. तू बरोबर दाबला होतास. पूर्ण दाबायला मीच शिकवलं होतं. त्याला मी मारलं, तू नाही.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं हात पुढे करून त्यांचा हात धरला. मामांना वाटलं, सुटलो. पण ती काय बोलली ते ऐका.

“मामा, पुरे आता,” ती म्हणाली. “मी दुकानातलं मीटर फोडलं तेव्हा तू गिऱ्हाइकाला सांगितलंस, ‘माझ्या हातून पडलं’. मी परीक्षेला उशिरा पोचले तर ‘माझंच घड्याळ मागे होतं’ म्हणालास. मी काय सहा वर्षांची आहे? हे माझं आहे. हे तरी माझ्याकडे राहू दे.”

मामा हादरले. ते म्हणाले, अगं खरं सांगतोय. ती हळू आवाजात, आजाऱ्याला समजवावं तशी, एकेक मुद्दा मांडायला लागली. वकीलच ती. दिवा विझलेला होता. युनिट मेलं असतं तर दिवा लागला असता, हे तूच मला शिकवलंस. साहेबांनी पण लिहून दिलंय. दिवा लागलेला असता तर मी गाडी इतकी बिनधास्त चालवली असती का? दिवा नव्हता म्हणजे ब्रेक ठीक होता, आणि ब्रेक ठीक होता म्हणजे चूक माझ्या पायाची. मामांनी आतून जुना डबा आणून दाखवला. तिनं तो उलटासुलटा करून परत दिला. धडकेत गेला असेल, म्हणाली.

तिच्या बोलण्यात कुठं फट नव्हती. त्यांनी दिवा विझवला होता आणि तो विझलेला दिवाच चार महिने तिच्याविरुद्ध साक्ष देत होता. आणि आज सकाळी उरलासुरला पुरावा त्यांनी स्वतःच्या हातांनी कचऱ्याच्या गाडीत टाकला होता. मामांना रडू फुटलं. गप्प बसून राहिलं असतं तर तिचं हे ओझं जन्मभर तिच्याकडेच राहिलं असतं, आणि आता बोलूनही राहणार होतं, वर हा आपला मामा किती चांगला, हे आणखी.

ती उठायला लागली तेव्हा ते म्हणाले, बस. फक्त बस आणि बघ.

त्यांनी बॉनेट उघडून नव्या युनिटचं सॉकेट उपसून काढलं आणि वर ओढून तिला दाखवलं. आता युनिट नाही असं समज. लाव चावी. तिनं लावली. पिवळा दिवा लागला. इंजिन सुरू केलं, लाल विझला, पिवळा लागलेलाच राहिला. ती म्हणाली, मग हेच तर मी म्हणतेय. मामांनी इंजिन बंद करायला लावलं आणि तिच्या मांडीवरून हात घालून मीटर सोडवलं. चष्मा डोक्यावरच राहिला होता. बोटांनीच त्यांनी पिवळ्या दिव्याची तार शोधली, कापली, सोलली, शेजारच्या लालच्या तारेला पिळली, पट्टी गुंडाळली. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकदाही हात अडला नाही. सकाळी एका स्क्रूवर थरथरणारी ती बोटं आता थरथरत नव्हती, आणि ती हे बघत होती.

“लाव,” ते म्हणाले.

तिनं चावी फिरवली. लाल लागला, पिवळा लागला. सॉकेट बाहेर लोंबत होतं. तिनं इंजिन सुरू केलं. दोन्ही दिवे एकदम विझले.

तिनं बंद केलं. परत लावलं. परत दोन्ही एकदम विझले. तिसऱ्यांदा लावताना तिचा हात चावीवरच थांबला.

“तू झालं काम म्हणालास त्याच्या दुसऱ्या दिवशी,” ती सावकाश म्हणाली, “मी त्याला म्हटलं होतं, पिवळा आधी विझायचा ना? आता दोघं बरोबर का विझतात? तर तो म्हणाला, नवीन लग्न झालंय त्यांचं. आणि हसत बसला. मला कळलंच नव्हतं तो कशाला हसतोय.”



ती खूप वेळ मीटरकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे मी बरोबर दाबला होता.”

“बरोबर दाबला होतास.”

मग ती रडली. चार महिन्यांत आईसमोर रडली नव्हती, सरणासमोर रडली नव्हती. स्टिअरिंगवर डोकं टेकून, पाठ गदगदा हलवत, लहान मुलासारखी तोंड उघडं टाकून रडली. मामांनी सवयीनं हात पुढे केला. तिनं खांदा काढून घेतला. जोरात नाही, गर्दीत अनोळखी माणसाचा धक्का लागल्यावर काढून घेतात तसा.

रडणं थांबल्यावर तिनं चेहरा ओढणीनं पुसला आणि त्यांच्याकडे न बघता बोलली. आवाज चढला नव्हता. “चार महिने आई सांगत होती, तुझी चूक नाही. मी तिच्यावर ओरडायचे. तू समोर बसून चहा पीत होतास.”

मामा सॉकेट लावायला वळले. तर ती म्हणाली, आधी तार नीट करा.

करा, म्हणाली. जन्मात पहिल्यांदा.

मामांनी तिच्या डोळ्यांदेखत तो सांधा सोडवला, तार मूळ जागी जोडली, डाग दिला, मीटर बसवलं. बॉनेटखाली जाऊन सॉकेट लावलं, खिट्टी खाली केली. तिनं खाली उतरून स्वतः ती खिट्टी हलवून बघितली. मग परत बसली, चावी फिरवली, पिवळा तीन सेकंदांत आपला आपण विझला, लाल नंतर. तिनं हे दोनदा केलं. दार ओढून घेतलं. मामांना वाटलं, आता उतरेल. ती उतरली नाही. गिअर टाकला.

अंगणातून रस्त्यावर जायला खडीचा छोटासा उतार आहे. चार महिने गाडीला हात न लावलेली ती मुलगी त्या उतारावर वेगानं गेली आणि मध्येच तिनं ब्रेक पूर्ण दाबला. खालून घरघर ऐकू आली, युनिट काम करत असल्याचा आवाज तो. खडीवरसुद्धा गाडी सरळ उभी राहिली. पाय उचलला नाही तिनं. मामा दारात उभे होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना बरं वाटलं. मग ती गेली. मागे वळून बघितलं नाही.

गाडी तिनं विकली नाही. महिन्याभरात काम परत सुरू केलं, आता दिवसाला पाच-सहा घरं होतात. हे सगळं ताईकडून कळतं. ताई फोन करते, पूर्वीसारखा रोज नाही, पण करते. वकीलबाई परत आली नाही. पहिले तीन रविवार मामा अकराला दारात उभे राहायचे. मग उभं राहणं सोडलं.

परवा त्यांनी फार धीर करून ताईला विचारलं, उतारावर ब्रेक नीट लागतो ना, काही आवाज वगैरे येत असेल तर सांग, मी येऊन बघून जाईन, ती घरात नसताना येईन. ताई म्हणाली, नको रे, तू नको येऊस. तिनं गाडी आणली त्याच आठवड्यात दुसऱ्या मिस्त्रीकडे नेऊन सगळं उघडून तपासून घेतलंय.